पायरोमॉर्फाइट: हिरवा, जड, शिसंवाला दगड ओळखायचा कसा आणि चिठ्ठीवर नाव लिहायचं काय

माझ्याकडे एक दगड आहे. मुठीएवढा, खाली पांढरट क्वार्ट्झ आणि वर पिवळसर हिरव्या स्फटिकांची दाटी, प्रत्येक स्फटिक म्हणजे मधे फुगलेलं इवलंसं पिंप. सोबतच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, ‘मिमेटाइट’, म्हणजे पायरोमॉर्फाइटसारखंच दिसणारं शिशाचं दुसरं खनिज. खाण नाही, देश नाही, काही नाही. त्या एका शब्दाचं खरंखोटं करायला मला दीड वर्ष लागलं, त्यात काय काय केलं आणि काय करायला नको होतं ते इथे पायरीपायरीने लिहितोय, म्हणजे तुमच्या हातात असा रंगीत, अंगापेक्षा जास्त जड दगड आला तर तुमचा वेळ वाचेल.

आधी ओळख करून देतो. पायरोमॉर्फाइट म्हणजे शिशाचं क्लोरीनवालं फॉस्फेट. सूत्र शब्दांत सांगायचं तर शिशाचे ५ अणू, फॉस्फेटचे ३ गट आणि १ क्लोरीन. वजनाने बघितलं तर यात सुमारे ७६ टक्के शिसं असतं, म्हणजे दिसायला काचेची हिरवी कांडी आणि आत तीन चतुर्थांश धातू. रंग बहुतेकदा हिरवा, पण पिवळा, नारिंगी, तपकिरी, करडा सगळे सापडतात आणि गोंधळाची सुरुवात इथेच होते. याचं एक जुनं जर्मन नाव आहे ‘बुंटब्लाईएर्त्स’, म्हणजे रंगीबेरंगी शिशाचं खनिज. त्या खाणकामगारांनी रंगाचा नाद सोडूनच दिला होता असं दिसतंय.

हात लावायच्या आधी

दगडाला जीभ लावून बघायची सवय बऱ्याच दगडवेड्यांना असते (ओला झाला की रंग खुलतो म्हणून), ती इथे बंद. पूर्ण बंद.

तसं बघायला गेलं तर पायरोमॉर्फाइट हे शिशाच्या सगळ्यात कमी विरघळणाऱ्या संयुगांपैकी एक आहे. शिशाने खराब झालेल्या जमिनीत मुद्दाम फॉस्फेट मिसळतात ते याचसाठी, की मोकळं शिसं पायरोमॉर्फाइट होऊन तिथेच अडकून बसावं. म्हणून काही लोक म्हणतात की हा दगड निरुपद्रवी आहे. मला हे पटत नाही, कारण हातात येतो तो नुसता पायरोमॉर्फाइट नसतो, त्याच्या खाचाखोचांत सेरुसाइट म्हणजे शिशाचं कार्बोनेट असू शकतं, गॅलेनाचे म्हणजे शिशाच्या सल्फाइडचे कण असू शकतात, आणि मिमेटाइट निघाला तर त्यात आर्सेनिक म्हणजे आपला सोमल ज्याचा बनतो ते. कार्बोनेट पोटातल्या आम्लात सहज विरघळतं. आणि जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं सरळ आहे, शिशाची अमुक इतकी मात्रा चालते अशी सुरक्षित पातळी माहीतच नाही.

तर नियम थोडेच आहेत पण पाळा. हातमोजे घाला, नायट्राइलचे पातळ असतात ते पुरतात. काम झालं की साबणाने हात धुवा, मोजे घातले होते तरी. टेबलावर जुना कागद अंथरा आणि शेवटी तो ओल्या फडक्याने पुसून, घडी करून टाका, झाडू नका, झाडलं की धूळ नाकात जाते. फुंकर मारून धूळ उडवायची नाही, ही सवय तुटायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. स्वयंपाकघरातलं भांडं, चाळणी, ब्रश काहीही यासाठी वापरलं की ते परत स्वयंपाकघरात जाणार नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई असलेल्या घरात हे काम वेगळ्या जागी करा नाहीतर करूच नका.

कापणं, घासून पॉलिश करणं, ड्रिल करणं हे घरी अजिबात नाही. याचे दागिने करू का असं कोणी विचारलं तर उत्तर नाही असंच आहे, मऊ आहे, ठिसूळ आहे आणि शिसं आहे.

पहिली पायरी: हातात तोला

शिशाच्या खनिजाचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे वजन, डोळ्यांनी जेवढं वाटतं त्याच्या दुप्पट हाताला लागतं. पण ‘जड वाटला’ हे चिठ्ठीवर लिहिता येत नाही, म्हणून विशिष्ट गुरुत्व मोजायचं, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा दगड किती पट जड आहे ते. नाव भारी आहे, काम दोन मिनिटांचं आहे.

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. दगड कोरडा तोलून आकडा लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा आणि काटा शून्य करा. आता दगडाला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, दोरा हातात किंवा स्टँडला. काटा जो आकडा दाखवेल तो म्हणजे दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिला आकडा भागिले दुसरा आकडा, झालं.

माझ्या दगडावरून एक स्फटिकांचा झुपका आधीच सुटून पिशवीत पडलेला होता. कोरडा ३.५२ ग्रॅम, पाण्यात काटा ०.५१. भागाकार ६.९. हे बघितल्यावर क्वार्ट्झ (२.६५), फ्लुओराइट (३.१८), अपेटाइट (कॅल्शियमचं फॉस्फेट, ३.२), मॅलाकाइट (४ च्या आसपास), बराइट (४.५) सगळे एका फटक्यात बाद. शिसं आहेच.

आता दोन गोष्टी ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. एक, स्फटिकांच्या मधे हवेचे बुडबुडे अडकतात आणि मग दगड आहे त्यापेक्षा हलका भासतो, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि दगड बुडवून हलकेच हलवा, बुडबुडे सुटतात. दोन, अख्खा दगड मोजून उपयोग नाही. मी उत्साहात अख्खा मोजला होता, २१४ ग्रॅमला ६१, म्हणजे साडेतीन, आणि आठवडाभर मी समजत होतो की हा अपेटाइट आहे. खालचं क्वार्ट्झ सरासरी खाली ओढत होतं. मोजायचं तर सुटा, स्वच्छ स्फटिक मोजा, आणि सुटा नसेल तर मोजू नका, मोजण्यासाठी म्हणून चांगला स्फटिक तोडणं हा गुन्हा आहे.

आणि मर्यादाही समजून घ्या. ०.५१ च्या जागी काट्याने ०.५० दाखवलं असतं तर उत्तर ७.०४ आलं असतं, ०.५२ ला ६.७७. पायरोमॉर्फाइट साधारण ६.५ ते ७.१, मिमेटाइट ७.१ ते ७.२, व्हॅनाडिनाइट ६.८ ते ७.१, वुल्फेनाइट ६.५ ते ७. म्हणजे ही चाचणी शिसंवाल्यांचं घराणं सांगते, भावंडांतला कोण ते सांगत नाही.

दुसरी पायरी: भिंग

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ते डोळ्याला चिकटवून धरायचं आणि दगड जवळ आणायचा, उलटं नाही. उजेड बाजूने.

रंग विसरा आणि आकार बघा. पायरोमॉर्फाइट षट्कोनी आहे, सहा बाजूंची छोटी कांडी, टोक बहुतेकदा सपाट. कधी कांडीच्या टोकाला खड्डा असतो, कडा आधी वाढल्या आणि मधला भाग मागे राहिला, एखाद्या वाटीसारखा. कधी कांडी मधे फुगून पिंप होते. चमक राळेसारखी, तुपकट, काचेपेक्षा जरा जास्त. वुल्फेनाइट म्हणजे शिशाचं मॉलिब्डेट, त्याच्या पातळ चौकोनी चकत्या असतात, नारिंगी पिवळ्या, एकदा बघितल्या की परत चुकायला होत नाही. क्रोकोआइट म्हणजे शिशाचं क्रोमेट, लांब नारिंगी लाल काड्या, सहा बाजूंचा नियम नाही. सेरुसाइट आणि अँग्लेसाइट (शिशाचं सल्फेट) बहुतेक बिनरंगी किंवा पांढरे. हे चारही इथेच वेगळे होतात.

उरतात तीन जण आणि तिघेही षट्कोनी: पायरोमॉर्फाइट, मिमेटाइट, व्हॅनाडिनाइट. तिघांची अंतर्रचना एकच, अपेटाइटची. फक्त एका जागेवर फॉस्फेट बसलं की पायरोमॉर्फाइट, आर्सेनेट बसलं की मिमेटाइट, व्हॅनाडेट बसलं की व्हॅनाडिनाइट. व्हॅनाडिनाइट बहुतेकदा लाल किंवा तपकिरी लाल, धारदार कडांच्या षट्कोनी चकत्या, मोरोक्कोतल्या मिब्लादेनचे तर इतके सुबक असतात की कापून काढल्यासारखे वाटतात. त्याचा कस, म्हणजे चिनीमातीच्या खरखरीत पांढऱ्या फरशीवर घासल्यावर उठणारी रेघ, पिवळसर असतो, पायरोमॉर्फाइटचा पांढरा. कस घ्यायचाच असेल तर गळून पडलेल्या कणाने, एकच रेघ, आणि लगेच फरशी ओल्या टिश्यूने पुसा, ती रेघ म्हणजे शिशाची पूडच आहे.

माझा दगड: सहा बाजू, फुगलेली पिंपं, तुपकट चमक, कस पांढरा. म्हणजे पायरोमॉर्फाइट किंवा मिमेटाइट. आणि इथे गाडी अडली.

नावातच चाचणी होती

आता जरा थांबून नावाकडे बघू, कारण या दगडाचं नाव म्हणजे एका प्रयोगाचा निकाल आहे, शोभेचा शब्द नाही.

अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या खाणींत नावं रंगावरून होती. हिरवं शिसं, तपकिरी शिसं, लाल शिसं. १७८४ मध्ये मार्टिन हाइनरिश क्लाप्रोटने हिरव्या शिशाचं पृथक्करण करून त्यात फॉस्फरस आहे हे दाखवलं. मग १८१३ मध्ये योहान हाउसमानने त्याला पायरोमॉर्फाइट म्हटलं, ग्रीक ‘पीर’ म्हणजे आग आणि ‘मॉर्फे’ म्हणजे रूप. का? तर त्या काळात प्रत्येक खनिजवाल्याकडे फुंकनळी असायची, पितळेची बारीक वाकडी नळी, तिने दिव्याची ज्योत फुंकून कोळशावर ठेवलेल्या दगडाच्या कणावर मारायची. हे खनिज पटकन वितळतं आणि त्याचा गोल मणी होतो. बाकीच्यांचा मणी थंड होऊन गोलच राहतो, याचा मणी थंड होता होता अंगावर सपाट पैलू धरतो, गोळीचा जणू हिरा होतो. आगीतून बाहेर येताना रूप घेतो तो, म्हणून अग्निरूप. (याच ‘पीर’ वरून पायरॉक्सिनही आलाय, त्याचा अर्थ ‘आगीला परका’, आणि ते नाव बऱ्यापैकी चुकीचं निघालं कारण तो आगीतूनच, लाव्हातूनच येतो. हाउसमानचं नाव मात्र टिकलं.)

मिमेटाइटचं नाव तर थेट आरोप आहे. १८३२ मध्ये फ्रान्स्वा बोदाँने ग्रीक ‘मिमेटेस’ म्हणजे नकलाकार यावरून ते ठेवलं, कारण तो हुबेहूब पायरोमॉर्फाइटची नक्कल करतो. पण कोळशावर गेला की सोंग उतरतं, आर्सेनिकचा लसणासारखा वास सुटतो.

हा प्रयोग घरी करू नका, मुद्दाम सांगतोय कारण जुन्या पद्धतीचे व्हिडिओ बघून हात शिवशिवतात. वितळलेल्या शिशाच्या वाफा आणि आर्सेनिकचा धूर, तोही नाक जवळ नेऊन हुंगायचा, ही चाचणी त्या लोकांनी केली म्हणून आपण करायची असं नाही. प्रयोगशाळेतली ओली चाचणीही इथे फार मदत करत नाही, अमोनियम मॉलिब्डेटने फॉस्फेटचा पिवळा साका येतो खरा, पण गरम केलं तर आर्सेनेटही तसाच पिवळा साका देतं. नकलाकार तो नकलाकारच.

रंगावर विसंबल्याने किती महाग पडतं याची एक गोष्ट सांगतोच. मेक्सिकोत झिमापानच्या खाणीत एक ‘तपकिरी शिसं’ होतं. १८०१ मध्ये आंद्रेस मानुएल देल रिओला त्यात नवीन मूलद्रव्य सापडलं, क्षारांना इतके रंग येत होते की त्याने आधी नाव ठेवलं पॅनक्रोमियम, मग तापवल्यावर क्षार लाल होतात म्हणून एरिथ्रोनियम. जर्मन प्रवासी शास्त्रज्ञ हुम्बोल्टने नमुने पॅरिसला नेले, तिथे १८०५ मध्ये कोले-देकोतीने तपासून सांगितलं की हे क्रोमियमच आहे, आणि देल रिओनेही माघार घेतली. १८३० मध्ये स्वीडनमध्ये सेफस्ट्रॉमला लोखंडात नवं मूलद्रव्य मिळालं, त्याने व्हानादिस देवीवरून व्हॅनेडियम नाव दिलं, आणि पाठोपाठ व्होलरने दाखवलं की देल रिओचं एरिथ्रोनियम आणि हे एकच. ते तपकिरी शिसं म्हणजे आजचा व्हॅनाडिनाइट. आणि गंमत म्हणजे तिकडे जर्मन खाणींत ‘तपकिरी शिसं’ म्हटलं की पायरोमॉर्फाइट समजायचे. शब्द तोच, दगड वेगळा.

रंगवाल्या नावांत आणखी एक फसवं आहे, ‘ब्लाउब्लाईएर्त्स’, निळं शिसं. जर्मनीतल्या काउटेनबाखला आणि इंग्लंडात कॉर्नवॉलच्या व्हील होपला सापडतं. बघायला सहा बाजूंची करडी निळसर कांडी, म्हणजे वाटतं पायरोमॉर्फाइटच, पण आत सगळा गॅलेना. मूळ पायरोमॉर्फाइटच्या जागी हळूहळू शिशाचं सल्फाइड येऊन बसलं आणि आकार तेवढा मागे राहिला. म्हणजे आकारावरही डोळे झाकून विश्वास नाही.

तिसरी पायरी: गाव विचारा

दगड कुठल्या खाणीतला हे कळलं तर अर्धं काम होतं. चीनच्या ग्वांग्शीमधल्या दाओपिंग खाणीचे हिरवेगार पायरोमॉर्फाइट, अमेरिकेत आयडाहोतल्या बंकर हिलचे पिवळे नारिंगी, फ्रान्समधल्या ले फार्जचे, जर्मनीतल्या बाड एम्सचे, हे ठरलेले. मिमेटाइटसाठी नामिबियातलं त्सुमेब आणि मेक्सिकोतल्या सान पेद्रो कोरालितोसचे पिवळे द्राक्षांच्या घडासारखे गोळे. इंग्लंडातल्या कंब्रियात ड्राय गिल नावाची खाण आहे, तिथले नारिंगी तपकिरी फुगीर पिंपासारखे स्फटिक ‘कॅम्पिलाइट’ नावाने विकले जातात, ग्रीकमध्ये वाकडा या अर्थी, आणि ते म्हणजे फॉस्फरस मिसळलेला मिमेटाइट. कॅम्पिलाइट हे स्वतंत्र खनिजाचं नाव नाही, चिठ्ठीवर मिमेटाइट लिहून पुढे ‘कॅम्पिलाइट प्रकार’ लिहा.

पण गाव म्हणजे पुरावा नव्हे, अंदाज. एकाच खाणीत दोन्ही निघतात, आणि विकताना गाव बदललेलं असू शकतं. दगडाच्या पाठीला काय चिकटलंय ते बघा, तपकिरी लोखंडी माती, क्वार्ट्झ, बराइट, उरलेला गॅलेना. ही सगळी खनिजं गॅलेनाच्या शिरेच्या वरच्या भागात होतात, जिथे पाऊस आणि हवा पोचून सल्फाइड सडतं, आणि शिसं मोकळं होऊन वाटेत भेटेल त्या फॉस्फेटशी, आर्सेनेटशी जोडी जमवतं. दोन्ही भेटले तर दोन्हीशी.

चौथी पायरी: मशीन, आणि मशीनचं ऐकायचं किती

‘दोन्हीशी’ हाच खरा कळीचा मुद्दा आहे. पायरोमॉर्फाइट आणि मिमेटाइट यांच्यात भिंत नाही, सलग उतार आहे. एकाच स्फटिकात त्या जागेवर काही फॉस्फेट काही आर्सेनेट, कितीही प्रमाणात. नाव कसं ठरतं तर बहुमताने, निम्म्याच्या वर फॉस्फेट तर पायरोमॉर्फाइट, निम्म्याच्या वर आर्सेनेट तर मिमेटाइट. म्हणजे ५१ आणि ४९ वाले दोन स्फटिक डोळ्यांना जुळे आणि नावं वेगळी.

सगळ्यात सहज मिळणारं मशीन म्हणजे हातात धरायची एक्सआरएफ गन, भंगारवाले धातू तपासतात ती. मी पण आधी तिथेच गेलो आणि निकाल आला ‘शिसं, आर्सेनिक’. झालं, मिमेटाइट पक्का, चिठ्ठी बरोबर, असं म्हणून मी खूश. नंतर कळलं ते असं: ही गन दगडावर क्ष-किरण मारते आणि प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेची रेघ परत देतं, त्यात आर्सेनिकची मुख्य रेघ १०.५४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येते आणि शिशाची १०.५५ वर. एकावर एक. शिसं भरपूर असलं की मशीनला आर्सेनिक भासू शकतं, किंवा खरं असलेलं झाकलं जाऊ शकतं. ऑपरेटर जाणकार असेल तर आर्सेनिकची दुसरी रेघ, ११.७३ ची, बघून सांगेल, आपोआप छापून आलेल्या यादीवर जाऊ नका. वर फॉस्फरस हलका, त्याची रेघ कमजोर, गनवर नीट दिसतही नाही. म्हणजे नेमकं जे दोन बघायचे तेच दोन तिथे गोंधळाचे.

एक्सआरडीने (क्ष-किरण स्फटिकातून कसे वळतात ते बघून) रचना कळते, अपेटाइट घराणं पक्कं होतं, पण रचना तिघांची एकच असल्यामुळे मधल्या मिश्रणांत निकाल ओढाताणीचा होतो, आणि त्यासाठी पूड करावी लागते. रामन म्हणजे लेझर पाडून विखुरलेला उजेड मोजायचा, ते चांगलं, दगड तोडावा लागत नाही, फॉस्फेटचा उंचवटा ९२० ते ९४५ प्रतिसेंटिमीटरच्या पट्ट्यात आणि आर्सेनेटचा ८१० ते ८२० च्या आसपास, दोन्ही दिसले तर मिश्रण. प्रमाण सांगायला मात्र इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला जोडलेलं ईडीएस, म्हणजे एका बिंदूवर कुठलं मूलद्रव्य किती ते मोजणारं यंत्र, त्याला मोहरीएवढा कण पुरतो. कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात असतं, नम्रपणे विचारा, कण लेबल लावलेल्या छोट्या डबीत न्या, आणि यात शिसं आहे बहुधा आर्सेनिकही आहे हे आधीच सांगा. एकाच बिंदूवर मोजून घेऊ नका, गाभ्यात एक आणि कडेला एक, निदान दोन.

धुणं

हे मधेच आलंय कारण मशीनला देण्याआधी दगड धुवावा लागतो आणि मी आयुष्यातला सगळ्यात मूर्ख प्रकार इथेच केला, सुदैवाने दुसऱ्या दगडावर. चुन्याच्या खडकावर बसलेले छान हिरवे दाणे होते, वर पांढरी पुटं, म्हटलं व्हिनेगर सौम्य असतं, रात्रभर ठेवूया. सकाळी पायरोमॉर्फाइट जिथल्या तिथे होता, फक्त त्याच्या खालचा खडक विरघळला होता आणि सगळे दाणे भांड्याच्या तळाला पडले होते. एकही जागेवर नाही. शिवाय त्या पांढऱ्या पुटात सेरुसाइट असेल तर व्हिनेगरमध्ये विरघळणारं शिसं तयार होतं, म्हणजे ते भांडंभर पाणी दगडापेक्षा घातक.

तर आम्ल नाही. व्हिनेगर नाही, लिंबू नाही, टॉयलेट क्लीनर तर नाहीच. क्वार्ट्झवरचे गंजाचे डाग काढायला लोक ऑक्झॅलिक आम्ल वापरतात, शिसंवाल्यावर ते चालत नाही, पांढरा थर बसतो आणि मग तो निघत नाही. अल्ट्रासॉनिक मशीनही नको, स्फटिक ठिसूळ आहेत, टोकं उडतात. डिस्टिल्ड पाणी, साबणाचा थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश किंवा रंगाचा ब्रश, पाण्याखाली धरून हळू. डाग राहिला तर राहू द्या, तो त्याच्या गावाचा आहे.

धुतलेलं पाणी कुंडीत किंवा बागेत ओतू नका. रात्रभर ठेवा, गाळ खाली बसतो, तो टिश्यूवर घेऊन पिशवीत बंद करून घातक कचऱ्यात द्या.

ठेवणं

झाकणाची पारदर्शक डबी किंवा काचेचं बंद कपाट. धूळ बसली नाही की पुसावी लागत नाही, पुसावी लागली नाही की हात लागत नाही. तळाला फोमचा तुकडा, दगड हलला नाही पाहिजे. मुलांच्या हाताच्या वर, झोपायच्या खोलीत नको, खायच्या टेबलावर नको. डबीवर मोठ्या अक्षरात ‘शिसं आहे, हात धुवा’. तुम्ही नसताना कोणीतरी ती डबी उघडणार आहे हे धरून चाला.

चिठ्ठी

जेवढं तपासलंय तेवढंच लिहायचं. फक्त वजन आणि भिंग झालं असेल तर ‘पायरोमॉर्फाइट–मिमेटाइट मालिका’ असं लिहा, यात काही कमीपणा नाही, उलट जाणकार माणूस असली चिठ्ठी बघून तुमच्या बाकीच्या चिठ्ठ्यांवरही विश्वास ठेवतो. नावाखाली कशावरून ठरवलं ते, तारीख, वजन, आणि गाव माहीत असेल तर खाण, जिल्हा, देश या क्रमाने. माहीत नसेल तर ‘गाव अज्ञात’ असं स्पष्ट लिहा, मोकळी जागा सोडली की पुढचा माणूस ती कल्पनेने भरतो. पेन्सिल किंवा न पसरणारी काळी शाई वापरा. दगडाच्या खालच्या बाजूला, स्फटिक नसलेल्या जागी, पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर नंबर, आणि तोच नंबर चिठ्ठीवर, म्हणजे दोघांची ताटातूट झाली तरी जोडी लावता येते. जुनी चिठ्ठी, चुकीची असली तरी, फेकायची नाही.

माझ्या डबीत आता दोन चिठ्ठ्या आहेत. वरच्यावर लिहिलंय: ‘क्र. ४१. स्फटिकाचा गाभा पायरोमॉर्फाइट, बाहेरची पातळ साल मिमेटाइट, सुट्या कणावर ईडीएस, दोन बिंदू. वि. गु. ६.९. गाव अज्ञात. शिसं, आर्सेनिक.’ खाली ती जुनी, एका शब्दाची. सालीपुरती ती बरोबर निघाली.